काचेवरची टकटक

काटा एकशेऐंशीच्या पुढे सरकला आणि काकूंच्या तोंडचं पाणी पळालं.

पिंपाच्या झाकणावर बसवलेल्या उष्णता दाखवणाऱ्या तबकडीत काटा एकशेवीसवर हवा होता. एकशेवीसवर आणायचा आणि दिवसभर तिथंच ठेवायचा, काम म्हणाल तर एवढंच. पण सकाळपासून तो एक तर शंभराच्या खाली मान टाकत होता, नाहीतर असा चौखूर उधळत होता. काकूंनी धावत जाऊन पिंपाच्या तळाशी असलेल्या दोन्ही झडपा बंद केल्या. तरी काटा खाली येईना, तेव्हा आत नेमकं चाललंय काय ते बघायला त्यांनी झाकण उचललं.

चालू पिंपाचं झाकण असं उचलायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वारा आत शिरला आणि कोळशांनी भप्पकन पेट घेतला. ज्वाळा जाळीवरच्या मांसाला चाटत वर आल्या. काकूंच्या हातावरची लव जळाली, पदराचं टोक होरपळलं. सात तास धुरीवर हळूहळू शिजायचे ते मांसाचे चार मोठे तुकडे दहा मिनिटांत काळे ठिक्कर पडले. सुरी घालून पाहिलं तर आतून कच्चेच.

दुपारी बसवाला ड्रायव्हर नेहमीसारखा फाटकाशी येऊन उभा राहिला. काकूंनी त्यातल्या त्यात बरा तुकडा कापून कागदावर ठेवला. त्यानं एक घास खाल्ला आणि बराच वेळ चावत राहिला.

"खरं सांगू का, काकू?"

"सांगा की. खोटं ऐकून मी काय करू?"

"चपलेला मीठ लावल्यासारखं लागतंय."

काकू हसल्या. मग आत जाऊन उरलेले तीन तुकडे कचऱ्याच्या टोपलीत टाकले आणि मोरीत उभ्या राहून जळलेल्या हातावर पाणी ओतत राहिल्या.

हे पिंप काकांचं होतं. ज्या कारखान्यात ते तेलाच्या टाक्या साफ करायचे तो बंद पडला तेव्हा त्यांनी एक रिकामं पिंप ढकलत घरी आणलं होतं. तीन दिवस आत नुसती लाकडं जाळून तेलाचा वास घालवला, तळाला झडपा बसवल्या, वर धुराडं लावलं, कोळशासाठी लोखंडी टोपलं वळवून घेतलं. तेव्हापासून बावीस वर्षं आठवड्यातले चार दिवस ते पिंपापाशी उभे असत आणि दुपारी फाटकाशी रांग लागत असे. लोक त्यांना पिंपवालेकाका म्हणत, म्हणून या काकू.

मांस धुणं, त्यातली चरबी काढणं, मीठमिरी चोळून रात्रभर मुरत ठेवणं, सुतळीनं बांधणं, मग कापणं, कागदात गुंडाळणं, गिऱ्हाइकांशी बोलणं हे सगळं काकूंचं. विस्तव काकांचा. त्यात वाटेकरी नव्हता. काकूंचा हात चुकून झडपेकडे गेला, तरी ते "हात काढ" एवढंच म्हणत. एकदा ते आंघोळीला गेले असताना काटा खाली येतोय असं पाहून काकूंनी खालची झडप बोटभर उघडली होती. काका टॉवेल गुंडाळून बाहेर आले, धुराड्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांना कळलं. ते ओरडले नाहीत. चार दिवस बोलले मात्र नाहीत. तसे ते एरवीही फार बोलत होते अशातला भाग नाही. पण न बोलण्यातही फरक असतो आणि काकूंना तो चांगला ठाऊक होता.

अशा माणसाला एका सकाळी नळाशी चूळ भरताना झटका आला. उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांच्यापाशी एकच शब्द उरला होता, "बस." भूक लागली तरी बस, दुखलं तरी बस. काकांची थोरली बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहायची. पहिल्यांदा बघायला आली तेव्हा त्यांनी "बस" म्हटलं आणि ती खुर्ची ओढून बसली. पुन्हा "बस" म्हणाले.

"बसलेय रे बाबू, आणखी किती बसू?" ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली.

काकूंनी त्यांची खाट मागच्या खोलीत, अंगणाकडच्या खिडकीला लावून टाकली. उशांचा टेका दिला की काचेतून अख्खं अंगण दिसे. महिनाभर पिंप थंड पडून होतं. घर त्या पिंपावर चालत होतं, तेव्हा ते कुणीतरी पेटवायला हवंच होतं. मग काकूंनी ते पेटवलं, आणि पहिल्या दिवशी मांसाची चप्पल झाली.

दुसऱ्या खेपेला त्यांनी उलटी चूक केली. काटा उधळेल या धास्तीनं झडपा जवळजवळ बंदच ठेवल्या. विस्तव गुदमरला. धुराड्यातून आणि झाकणाच्या फटीतून पांढरा, दाट धूर लोळत बाहेर आला आणि अंगणभर पसरला. काकूंना आपला हात दिसेना. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. तेवढ्यात खिडकीवर आवाज झाला.

टक टक टक. टक टक टक.

काका डाव्या हाताच्या बोटाच्या पेरानं काच ठोकत होते.

काकू जागच्या जागी थबकल्या. मग चाचपडत खाली वाकल्या आणि एक झडप बोटभर उघडली. टकटक चालूच होती. आणखी बोटभर उघडली. हळूहळू धूर विरळ झाला, पांढऱ्याचा निळसर झाला, अंगण दिसायला लागलं. टकटक थांबली.

काकू धावत खिडकीशी गेल्या. "उघडायची होती ना? हेच सांगत होता ना?"

"बस," काका म्हणाले. "बस, बस."

"पुरे? एवढीच ठेवू?"

"बस."

काकू परत पिंपापाशी आल्या. डोळे पुसले, पण पाणी काही थांबेना, आणि आता धूरही नव्हता.

त्या दिवसापासून त्या शिकायला लागल्या. पांढरा धूर दाटला की काच वाजायची, त्या झडप उघडायच्या, धूर निवळला की काच गप्प व्हायची. असं रोज दोनचारदा. मधल्या वेळात हळूहळू बाकीचं उलगडत गेलं. टोपलं काळ्या कोळशांनी भरायचं आणि वर फक्त दहाबारा निखारे ठेवायचे, म्हणजे विस्तव मुंगीच्या पावलानं खाली उतरतो. सगळाच कोळसा पेटवून टाकला तर मग त्याला आवरणारा माईचा लाल कुणी नाही. काटा एकशेवीसवर पोचायची वाट बघत बसायचं नाही. शंभरावर असतानाच झडप आवळायला घ्यायची, कारण चढलेला काटा उतरवता उतरवता नाकी नऊ येतात. एका वेळी एकच झडप, तीही बोटभर, आणि मग पाव तास हात बांधून उभं राहायचं. हे हात बांधून उभं राहणं सगळ्यात कठीण होतं. दुपारनंतर तळाशी राख साचून झडपेचं तोंड बुजतं, तेव्हा सळईनं ती ढोसून पाडायची. झाकणाला हात लावायचा नाही.

महिन्याभरात रांग परत लागली. पहिल्याइतकी नाही, पण लागली. ड्रायव्हरनं एक दिवस घास खाल्ला आणि लगेच दुसरा मागितला.

"जमलं की, काकू."

"मला कुठलं जमतंय? तेच शिकवतात." काकू खिडकीकडे मान वळवून म्हणाल्या. "तोंडानं नाही बोलता येत, पण लक्ष सगळं इकडे. जरा चुकलं की काच वाजवतात."

हे त्या प्रत्येकाला सांगत. सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळायचा की ऐकणाऱ्याला त्या तरुण वाटायच्या. रात्री काकांचं अंग पुसताना त्या दिवसभराच्या विस्तवाचा पाढा वाचत. "आज अकराच्या सुमाराला वारा फिरला, काटा पडला. मी उघडली, पण तुम्ही ठोकेपर्यंत थांबायला हवं होतं का? बरोबर होतं ना?" काका त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायचे. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. इतकं बोलणं त्या दोघांत कधी झालं नव्हतं. बोलत होत्या त्या एकट्याच, पण त्यांना तसं वाटत नव्हतं. उलट वाटायचं, या माणसानं आत्ता कुठं आपल्या हातात विस्तव दिला.

एका दुपारी नणंद अंगणात आली ती हातात ओली चादर घेऊनच.

"अगं, तू होतीस कुठं?"

"इथंच तर आहे, वन्सं. का?"

"बाबू भिजून पडलाय. किती वेळ झाला असेल कुणास ठाऊक. गार पडलंय सगळं. काच वाजवत होता, तुला ऐकू आलं नाही?"

"ऐकलं ना. धूर कोंडला होता, म्हणून वाजवत होते. मी लगेच झडप उघडली."

नणंदेनं काकूंकडे पाहिलं, पिंपाकडे पाहिलं आणि चादर घेऊन मोरीकडे निघून गेली. काकू तिच्यामागून जाणार होत्या. पण काटा पडत होता.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यातून बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या. वयानं लहान, पण शांत. त्यांनी काकांच्या पुढ्यात पेला, कंगवा आणि किल्ली अशा तीन वस्तू मांडल्या.

"काका, पेला द्या बरं मला."

काकांनी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"पेला. पाणी पितो तो."

काकांनी कंगवा उचलला, आणि मग तो कशाला उचलला हे विसरल्यासारखे हातात धरून बसले. बाईंनी किल्ली मागितली, डोळे मिटायला सांगितले, हात वर करायला सांगितलं. प्रत्येक वेळी ते म्हणाले, "बस."

बाईंनी वस्तू पिशवीत भरल्या. "काकू, त्यांना शब्द कळत नाहीत अजून. आवाज कळतो. तुम्ही चिडलात की मायेनं बोललात, ते बरोबर ओळखतात. पण शब्दांचा अर्थ लागत नाही."

"असं कसं होईल? त्यांना सगळं समजतं. मला पिंप कोण शिकवतंय मग?"

काकूंनी सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी इथं त्यांच्याजवळ बसते. तुम्ही बाहेर जाऊन एकदा मुद्दाम चुका."

काकूंना हे पटलं नाही, पण त्या गेल्या. पिंप चालूच होतं. त्यांनी दोन्ही झडपा सताड उघडल्या. काटा एकशेतीस, एकशेपन्नास, एकशेसत्तर. धुराड्यातून नुसती गरम हवा थरथरत होती. काच गप्प. काकूंनी झडपा बंद केल्या आणि त्या उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं काटा उतरत शंभराच्या खाली गेला. पांढरा धूर निघाला. पण वारा फाटकाकडे वाहत होता, त्यामुळे तो सगळा रस्त्यावर गेला. काच गप्प. मग वारा पडला, धूर अंगणात बसला, काकू त्यात बुडाल्या.

टक टक टक.

"बघा!" धुरातून काकूंचा आवाज आला. "सांगत नव्हते मी?"

बाईंनी खिडकी किलकिली केली. "काकू, जरा त्या भिंतीमागे जाऊन उभ्या राहता? कोळशाची पोती आहेत ना, तिथं."

"तिथं कशाला?"

"जा तर खऱ्या."

काकू भिंतीमागे गेल्या. वारा सुटून अंगण निवळलं होतं, पिंप व्यवस्थित दिसत होतं. काच वाजायला लागली. त्या बाहेर आल्या, आवाज थांबला. पुन्हा आत गेल्या, पुन्हा टकटक. तिसऱ्यांदा तर त्यांचा पदर भिंतीआड होतो न होतो तोच.

"तुम्ही दिसेनाशा झालात की ठोकतात ते," बाई हळूच म्हणाल्या. "पिंपाचं काही नाही त्यात."

"बरं," काकू म्हणाल्या.

त्यांनी चहा टाकला. बाईंना कप दिला, काकांना चमच्यानं पाजला, हनुवटी पुसली. बाई गेल्यावर त्या अंगणात आल्या. काटा नव्वदवर आला होता. त्या झडपेशी वाकल्या आणि त्यांचा हात तसाच राहिला. किती उघडायची, हे विचारायला कुणी नव्हतं. तसं कुणी कधीच नव्हतं. तीन महिने त्या ज्याच्या भरवशावर विस्तवाशी खेळत होत्या, तो खिडकीत घाबरून बसलेला एक आजारी माणूस होता. आणि तो हाका मारत असताना त्या झडपेशी खुडबुड करत होत्या. ओल्या चादरीत पडून तो त्यांना हाका मारत होता, आणि त्या मनातल्या मनात त्याचे आभार मानत होत्या.

बोटांनी आपणहूनच झडप सरकवली. बोटभर. पाव तास गेला. काटा चढत चढत एकशेवीसवर येऊन थांबला, नेहमीसारखाच.

संध्याकाळी मांस संपलं, फाटक लागलं, तेव्हा त्या मागच्या खोलीत जाऊन खाटेशी उभ्या राहिल्या. त्यांना खूप राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे समजत नव्हतं.

"बावीस वर्षं होती तुमच्यापाशी," त्या म्हणाल्या. "धडधाकट होता, तोंड होतं. एकदा, एकदा तरी म्हणायचं होतंत, ये, बघ, असं करतात. मी काय पिंप पळवून नेणार होते? आणि आत्ता मला वाटलं... मेली मी मूर्ख, मला वाटलं..."

आवाज चढला तसा काकांचा चेहरा लहान मुलासारखा कसानुसा झाला. त्यांनी डावा हात पुढे करून काकूंच्या पदराचं टोक पकडलं.

"बस," ते म्हणाले.

काकू खाटेच्या कडेवर बसल्या. काकांनी पदर सोडला नाही. खोलीत अंधार होईपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या आणि मग कुणीतरी दिवा लावायला हवा, म्हणून उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्रायव्हरला बोलावून पिंप हलवून घेतलं. भिंतीच्या कडेचं अंगणाच्या मधोमध आणलं, खिडकीसमोर, पण वाऱ्याची दिशा पाहून धूर रस्त्याकडे जाईल असं. बसायचं स्टूल पिंप आणि खिडकीच्या मध्ये ठेवलं.

"काकांनी सांगितलं वाटतं हलवायला?" ड्रायव्हर घाम पुसत म्हणाला.

"नाही. मीच ठरवलं."

मग काच वाजायची थांबली. काकू दर अर्ध्या तासाला आत जाऊन चादर चाचपून येत, पाणी पाजत, कूस बदलत. विस्तव तेवढा वेळ आपला आपण राहायचा. काटा कुठे जाईल हे आता त्यांना तो जायच्या आधी कळे. कोळशाच्या वासावरून, झाकणाच्या वर धरलेल्या तळव्यावरून. रांग पहिल्यासारखी झाली. कुणी काकांचं नाव काढलं तर त्या "आहेत, बरे आहेत" म्हणत आणि कापायला घेत.

थंडी पडली. काका आता जास्त वेळ झोपत. चमच्यातलं निम्मं बाहेर सांडे. "बस"सुद्धा क्वचितच ऐकू येई. नणंद यायची, ते काही म्हणायचे नाहीत, तरी ती बसायची.

अशाच एका सकाळी टोपलं भरता भरता कोळसा कमी पडला, म्हणून काकू भिंतीमागे गेल्या. वरचं पोतं ओढलं तर ते शिवणीतून उसवलं आणि सगळा कोळसा पायावर घरंगळला. त्या खाली बसून एकेक खडा घमेल्यात भरत होत्या. घमेलं अर्धं भरलं तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आवाज नाही.

त्यांचा हात थांबला. त्या ऐकत राहिल्या. रस्त्यावरून एक सायकल गेली. शेजारी कुणीतरी भांडी विसळत होतं. काकूंनी काळे हात गुडघ्यांवर ठेवले आणि तशाच भिंतीला टेकून बसल्या. घमेलं भरलं असतं एवढा वेळ गेला. मग त्याच्या दुप्पट गेला. काच वाजली नाही.

त्या धावल्या नाहीत. पदर झटकून उठल्या आणि भिंतीआडून बाहेर आल्या. काका उशांना टेकून जागेच होते. डोळे उघडे, अंगणाकडे लागलेले, श्वास चाललेला. चेहऱ्यावर भीती नव्हती. काकूंनी हात वर केला. काकांची नजर त्यांच्यावरून फिरली, पिंपावरून फिरली, फाटकावर गेली आणि तितक्याच शांतपणे परत आली.

काकू थोडा वेळ हात वर धरून उभ्या होत्या. मग त्यांनी घमेलं आणलं, टोपलं भरलं, वर दहाबारा निखारे मांडले, जाळीवर मांस ठेवून झाकण लावलं आणि शंभरावर काटा येताच झडप आवळली. दुपारी मांस उतरवून कापडात गुंडाळून ठेवलं. फाटकाशी माणसं जमली होती.

"द्या की आता, काकू. वासानं जीव चाललाय."

"जरा थांबा," काकू म्हणाल्या. "आत्ताच काढलंय. लगेच कापलं तर कोरडं पडतं."

आणि त्या स्टुलावर येऊन बसल्या, लोकांकडे पाठ करून, काचेकडे तोंड करून.